पाला घातला तरी भुंगेरा का लागला? येवला तालुक्यातील एका बचत गटाच्या हरभऱ्याचे प्रकरण

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला तालुक्यात पाण्याची सोय असेल तिथे रब्बीत कांदा होतो आणि नसेल तिथे जमिनीतल्या ओलीवर हरभरा घेतला जातो. या भागातील एका महिला बचत गटाने सभासदांच्या शेतातला हरभरा, तूर आणि मूग सुगीतच अडत्याला न विकता एकत्र साठवायचा, निवडून-पाखडून लहान पिशव्यांत भरायचा आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत नाशिक शहरातल्या ग्राहकांना थेट द्यायचा, असा व्यवहार सुरू केला होता. हरभऱ्याचा काही भाग पुढच्या पेरणीसाठी बियाणे म्हणून राखून ठेवला जात असे. गावाचे आणि गटाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

ग्राहकांची अट एकच होती, ती म्हणजे औषध मारलेले धान्य नको. ती गटालाही मान्य होती. धुरीच्या ज्या गोळ्या अशा वेळी सहज सुचवल्या जातात, त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो, आणि त्यांचा वापर सरकारी तज्ज्ञांच्या किंवा परवानाधारक कीडनियंत्रकांच्या देखरेखीखालीच करता येतो. राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत त्या ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मार्चमध्ये हरभरा गोण्यांत भरताना गटाने कडुनिंबाचा पाला थरांथरांत घातला. आईने, आजीने केले तेच त्यांनी केले आणि निश्चिंत झाल्या.

जूनच्या अखेरीस, पहिले पाऊस होऊन गेल्यावर गोण्या उघडल्या, तेव्हा बऱ्याच दाण्यांना गोल, कातीव भोके पडलेली होती, हाताला पिठूळ लागत होते आणि सुकलेल्या पाल्यावरूनच तपकिरी भुंगेरे पळत होते. गटातल्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न या प्रकरणाचा गाभा आहे: “पाला घालताना हात आखडता घेतला नाही ताई, मग भुंगा आला कुठून?”

त्याचे उत्तर किडीच्या वागण्यात आहे. कडधान्याचा भुंगेरा, म्हणजे कॅलोसोब्रुकस या प्रजातीतील कीटक, गव्हा-तांदळातल्या सोंड्यासारखा नसतो. सोंडा आपल्या सोंडेने दाणा पोखरतो आणि खातोही. भुंगेऱ्याचा प्रौढ कीटक मात्र साठवलेल्या धान्यातले काही खात नाही. त्याचे आयुष्य साधारण दहा-बारा दिवसांचे असते आणि त्यात तो मीलन आणि अंडी घालणे एवढेच काम करतो. मादी ऐंशी ते शंभर अंडी घालते, आणि तीही एकेक करून, दाण्याच्या गुळगुळीत सालीला घट्ट चिकटवून. चार-सहा दिवसांत अंडे उबते, पण अळी बाहेर येऊन हिंडत नाही. अंड्याच्या तळातून ती थेट खालच्या दाण्यात शिरते, आतला गर खात वाढते, तिथेच कोष करते आणि प्रौढ होऊन सालीची गोल टिकली ढकलून बाहेर पडते. तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता असली की ही सगळी पिढी तीन ते चार आठवड्यांत पुरी होते. येवल्याचा पावसाळा त्याला हवे तसे हवामान देतो. मार्च ते मे या कोरड्या, कडक उन्हाळ्यात कीड संपत नाही, पण तिची वाढ तितक्या जोमाने होत नाही.

आता पाल्याचा विचार करू. कडुनिंबाची कीर्ती मुख्यतः अझाडिरॅक्टिन या घटकावर उभी आहे. १९६८ मध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी तो निंबोळीतून वेगळा केला, आणि त्यांची कसोटी होती वाळवंटी टोळ, म्हणजे समोर येईल ते पान खाणारा कीटक. अशा किडीची खाण्याची इच्छाच मारायची असेल तर अझाडिरॅक्टिनला तोड नाही. पण भुंगेऱ्याचा प्रौढ खातच नाही आणि त्याची खादाड अळी जन्मापासून दाण्याच्या आत असते, म्हणजे गोणीतल्या पाल्याशी तिचा कधी संबंधच येत नाही. पाल्याच्या वासाने मादी काही काळ बिचकत असेल, पण तो वास मार्च ते जून टिकणारा नव्हे. शिवाय पाला थरांत घातलेला होता, म्हणजे दोन थरांमधल्या वीतभर हरभऱ्याला त्याचा स्पर्शही नव्हता. आणि निम्म्या गोण्यांत तो पुरता वाळलेला नव्हता. कडधान्य साठवताना दाण्यातली ओल दहा टक्क्यांच्या आत हवी. त्यात अर्धवट हिरवा पाला घालणे म्हणजे ज्यापासून वाचायचे तीच ओल स्वतःच्या हाताने आत नेणे होय.

कीड आली कुठून याचाही तपास झाला. तूर आणि मुगावर भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि दाण्याबरोबर घरात येतो. हरभऱ्यात मात्र बहुधा साठवणीच्या जागेतूनच लागण होते. खोलीच्या कोपऱ्यात आदल्या वर्षीच्या मुगाची एक गोणी बियाण्यासाठी म्हणून ठेवलेली होती आणि तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. ती उघडली तेव्हा मुगापेक्षा टरफलेच जास्त निघाली. हरभऱ्याच्या गोण्याही जुन्याच, झटकून पुन्हा वापरलेल्या होत्या. भुंगेरा उडू शकतो, त्यामुळे खोलीत असे एक पोते असले की बाकीच्या गोण्यांत काय घातले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. माझ्या मते या प्रकरणातले निम्म्याहून अधिक नुकसान त्या एका गोणीचे आहे.

मालाची वाटणी

सगळ्या हरभऱ्यावर एकच उपाय करण्याऐवजी गोणीगणिक नमुने काढून, ते पांढऱ्या कापडावर पसरून माल वेगळा करण्यात आला. भोके पडलेला हरभरा खाण्याच्या विक्रीतून पूर्ण बाद झाला. अशा दाण्यांत किड्यांची विष्ठा असते, तिच्यातून येणाऱ्या युरिक आम्लावर अन्नसुरक्षेच्या नियमांत किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि गटाकडे ते मोजण्याचे साधन नव्हते. एका सभासदाने त्याचे बेसन दळून टाकावे असे सुचवले. हे सर्रास चालते हे खरे आहे आणि दळल्यावर कोणाला कळतही नाही, पण थेट ग्राहकाच्या विश्वासावर चाललेल्या धंद्यात ते बसत नाही, असे बाकीच्यांनी ठामपणे सांगितले. तो माल उचलून खोलीपासून दूर नेला आणि शेवटी कोंबड्यांना घातला.

सर्वांत अवघड होता तो दुसरा ढीग: भोक नाही, पण सालीवर पांढरे ठिपके आहेत असा हरभरा. पांढरा ठिपका म्हणजे उबून गेलेल्या अंड्याचे कवच. अळी आत शिरताना मागे टाकलेल्या भुशाने ते भरते म्हणून पांढरे दिसते; न उबलेले अंडे त्या मानाने पारदर्शक असते. म्हणजे या दाण्यांत अळी आधीच गेलेली होती. इथे कुठलेही तेल, कुठलीही पूड, कुठलाही अर्क उपयोगाचा नाही, कारण ते सगळे सालीच्या बाहेरच राहते. वनस्पतिजन्य उपायांविषयी बोलताना ही मर्यादा क्वचितच सांगितली जाते. आतली अळी मारायची तर उष्णता हवी. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकले आणि कडा दाबल्या तर आतले तापमान पन्नास अंशांच्या बरेच वर जाते आणि अंड्यापासून प्रौढापर्यंत सगळ्या अवस्था मरतात. पण जूनच्या अखेरीस ढगाळ आकाशाखाली हे जमणारे नव्हते. म्हणून हा ढीग लगोलग डाळमिलला गेला. भरडल्यावर अळी लागलेले दाणे चुरले जातात आणि चाळणीत वेगळे पडतात; शिवाय सोललेल्या, दुभंगलेल्या डाळीवर भुंगेरा अंडी घालायला सहसा जात नाही. डाळ करून ठेवण्याची जुनी पद्धत साठवणीच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती, ती अशी.

उरला तो स्वच्छ हरभरा, खाण्याचा आणि बियाण्याचा. आता खरा प्रश्न होता तो त्याला काय लावायचे हा.

काय नाकारले आणि का

सगळ्यात आधी सुचला तो निंबोळी अर्क. कांद्यावर आणि टोमॅटोवर पाच टक्क्यांचा अर्क फवारण्याची इथल्या शेतकऱ्यांना सवय आहे: पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी पिळून गाळायची आणि शंभर लिटर द्रावण करायचे. उभ्या पिकावर तो चांगला, पण साठवणीच्या धान्यावर पाण्यातला अर्क मारणे म्हणजे वाळवलेला दाणा पुन्हा ओला करणे. गटाने त्याचा उपयोग एवढाच केला की माल भरायच्या नव्या गोण्या दाट, दहा टक्क्यांच्या अर्कात बुडवून काढल्या आणि उघडीप मिळाली तेव्हा कडकडीत वाळवल्या.

वेखंडाची पूड हा दुसरा पर्याय होता. वेखंडाचा भुंगेऱ्यावरचा परिणाम खरोखर मोठा आहे. त्यातील बीटा-असारोन कीटकांच्या जननक्षमतेवरच घाव घालते, आणि शंभर किलो बियाण्याला एक किलो पूड या प्रमाणात ती वापरली जाते. बाळाच्या घुटीत वेखंड उगाळले जाते, त्यामुळे सभासदांना ते निर्धोक वाटत होते. पण घुटीतले एक-दोन वेढे वेगळे आणि उसळीच्या प्रत्येक दाण्यावर बसलेली पूड वेगळी. प्राण्यांवरील प्रयोगांत बीटा-असारोनमुळे कर्करोगाच्या गाठी झाल्याने अमेरिकेत १९६८ पासून वेखंड आणि त्याचे तेल अन्नात घालण्यास बंदी आहे. खाण्याच्या हरभऱ्यासाठी वेखंड म्हणून बाद झाले. बियाण्याला ते चालले असते, पण तेच बियाणे उरले आणि कोणी चुकून भिजत घातले तर काय, या शंकेने तिथेही ते मागे पडले.

सीताफळाच्या बियांची पूड एकीने सुचवली. त्या बिया फुकट मिळतात आणि कीटकांना मारतातही. परंतु ही पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि बंद खोलीत ती हातांनी धान्याला चोळणाऱ्या बायकांवर हा धोका घालणे योग्य नव्हते.

गटातल्या वयाने सर्वांत मोठ्या आजींनी राखेचा उपाय सांगितला. “आमच्या माहेरी मूग राखेतच असायचा, वर्षभर बघायला लागायचं नाही,” हे त्यांचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंगेऱ्याला हिंडता येत नाही, मादीला दाण्यापर्यंत पोचता येत नाही आणि किड्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण घासले जाऊन तो सुकतो. धान्यावर सात सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर देण्याची शिफारसही याच जातीची आहे. पण राख भरपूर लागते आणि विक्रीच्या मालातून ती काढायची म्हणजे धुवायचे, मग पुन्हा वाळवायचे. आजींच्या घरच्या मुगाला राखच लागली. गटाच्या मालाला नाही.

तेल का चालले

शेवटी निवड झाली ती तेलाची: खाण्याच्या हरभऱ्याला किलोमागे पाच मिलिलिटर शेंगदाणा तेल आणि बियाण्याला किलोमागे दहा मिलिलिटर कडुनिंबाचे तेल. सभासदांना आधी हे पटेना. कडू नसलेल्या गोड्या तेलाने किडा कसा मरेल, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. म्हणून काचेच्या बरण्यांत थोडा थोडा स्वच्छ हरभरा भरला: एकीत काहीच घातले नाही, दुसरीत वाळलेला पाला घातला, तिसरीत शेंगदाणा तेल चोळलेला आणि चौथीत कडुनिंब तेल चोळलेला हरभरा भरला. प्रत्येकीत किडलेल्या गोणीतले जिवंत भुंगेरे सोडले आणि तोंडाला कापड बांधले. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, एकेका बरणीवरून टक्केवारी काढता येत नाही, पण डोळ्यांना दिसायचे ते दिसले. महिन्याभरात पहिल्या दोन बरण्यांत नवी पिढी बाहेर पडली होती आणि त्या दोघींत फरक करणे कठीण होते. कडुनिंब तेलाच्या बरणीत अंडीच मोजकी होती. शेंगदाणा तेलाच्या बरणीत अंडी होती, पण ती पांढरी झालीच नाहीत. पारदर्शकच राहून सुरकुतली.

याचे कारण भौतिक आहे. भुंगेऱ्याचे अंडे बंदिस्त दिसले तरी त्यातल्या जिवाला प्राणवायू लागतो आणि तो अंड्याच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म वाटेने आत जातो. तेलाचा पापुद्रा ती वाट बुजवतो आणि अळी तयार होण्याआधीच गर्भ मरतो. तेलकट सालीवर अंडे नीट चिकटतही नाही. म्हणजे या किडीपुरते पाहिले तर कडूपणापेक्षा तेलपणाच अधिक कामाचा आहे, आणि कडुनिंबाच्या तेलात मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करणारा वास असतो हा वरचा लाभ. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवण्याच्या घरोघरीच्या पद्धतीमागेही हेच आहे.

चोळण्याचे काम मात्र वाटते तितके सोपे नाही. एक पोते हरभरा ओतून त्यावर अर्धा लिटर तेल शिंपडले तर काही दाणे तेलाने माखतात आणि काही कोरडेच राहतात, आणि मादीला कोरडे दाणे नेमके सापडतात. गटाने दहा-दहा किलोचे वाटे प्लॅस्टिकच्या कागदावर घेतले, मोजून पन्नास मिलिलिटर तेल तीन हप्त्यांत घातले आणि प्रत्येक दाणा चमकेपर्यंत दोघींनी समोरासमोर बसून तो खालीवर केला. त्याआधी दाणा दाताखाली कट्कन फुटतो की नाही हे प्रत्येक वाट्याचे पाहिले. जो दबला तो पुन्हा उन्हाची वाट पाहत बसला.

तेलाने नवे प्रश्नही आणले. चमकणारा हरभरा पाहून शहरातल्या काही ग्राहकांनी तो पॉलिश केलेला असल्याचा संशय घेतला. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी तशी सूचना पिशवीवर असणे आवश्यक होते, आणि ती छापून घेतल्यावर संशयही आपोआप कमी झाला, कारण काय लावले आहे हे लिहिलेलेच होते. दिवाळीच्या सुमारास उरलेल्या थोड्या मालाला किंचित खवट वास येऊ लागला; शेंगदाणा तेल हवेत उघडे राहिले की हे व्हायचेच. कडुनिंब तेल लावलेल्या गोण्यांचा उग्र वास खोलीभर पसरला, तेव्हा बियाणे दुसरीकडे हलवावे लागले आणि त्या गोण्यांवर लाल रंगाने ‘फक्त पेरणीसाठी’ असे लिहिण्यात आले.

ऑक्टोबरमध्ये पेरणीआधी बियाण्याची उगवण ओल्या गोणपाटावर तपासली. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ८५ टक्के उगवण लागते. तेल लावलेले बियाणे त्या मर्यादेच्या वरच राहिले. तेलाचे प्रमाण किलोमागे दहा मिलिलिटरच्या पलीकडे नेले असते तर मात्र ही खात्री देता आली नसती.

पुढच्या हंगामाची आखणी

खाण्याच्या हरभऱ्यासाठी तेल हा उत्तम उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. तो जूनमधल्या त्या परिस्थितीत हाताशी असलेला उपाय होता. माल मार्चमध्ये भरतानाच हवाबंद ठेवला असता तर त्याला काहीही चोळावे लागले नसते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधल्या चवळी उत्पादकांसाठी तीन थरांच्या पिशव्यांची पद्धत विकसित केली, ती याच भुंगेऱ्याच्या जातभाईविरुद्ध. आत जे थोडे किडे राहतात ते श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपवतात आणि त्यांचे खाणे, वाढणे थांबते. गटाने नव्या हंगामात खाण्याच्या मालासाठी घट्ट झाकणाचे मोठे पिंप घ्यायचे ठरवले आहे. ते काठोकाठ भरायचे आणि विक्रीसाठी रोज उघडायचे नाही, कारण दर वेळी उघडल्याने ताजी हवा आत जाते; आठवड्याचा माल काढून वेगळ्या डब्यात ठेवायचा.

बियाण्यासाठी कडुनिंब तेल कायम राहणार आहे. ते घरीच काढावे असा विचार पुढे आला, कारण गावात कडुनिंब भरपूर आहे. अडचण ऋतूची आहे: निंबोळ्या जून-जुलैत पिकतात, म्हणजे नेमक्या पावसात, आणि ओलसर राहिलेल्या निंबोळीला बुरशी लागते, त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. म्हणून गर धुऊन काढलेल्या बिया शेडखाली हवेशीर जाळीवर वाळवता आल्या तरच तेल घरी काढायचे, नाही तर घाण्यावरून विकत घ्यायचे.

सर्वांत काळजीचा आहे तो मूग. तो सप्टेंबरमध्ये, पाऊस पुरता थांबलेला नसताना घरात येतो, आणि येताना शेंगांवरची अंडी व दाण्यांतल्या अळ्या घेऊन येतो. त्याला आल्या आल्या तेल लावणे व्यर्थ आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात तो प्लॅस्टिकखाली तापवायचा, गार होऊ द्यायचा, मूठभर नमुना बरणीत महिनाभर ठेवून त्यातून काही बाहेर पडते का ते पाहायचे, आणि तोपर्यंत त्याची एकही गोणी हरभऱ्याच्या खोलीत आणायची नाही, असे ठरले आहे. आदल्या वर्षीची उरलेली कडधान्ये ठेवण्याचा तो कोपरा आता रिकामा केला असून भिंतीच्या भेगा सिमेंटने भरून घेतल्या आहेत.